करडा दोरा

इस्त्रीवाल्या मावशींशी माझं भांडण झालं ते एका दोऱ्यावरून. दोराही कसला, तर बोटभर लांबीचा, करड्या रंगाचा, शर्टाच्या काजात बांधलेला. त्या दोऱ्यापायी माझ्या घरात चार दिवस अबोला होता आणि आमच्या रस्त्यावरच्या दहा बापांना बायकांसमोर शपथा घ्याव्या लागल्या. त्यातले आठ तरी निर्दोष होते. उरलेल्या दोघांबद्दल मी काही बोलत नाही, ते माझे गिऱ्हाईक आहेत.

माझं चष्म्यांचं दुकान आहे. मावशींचं दुकान माझं धरून तिसरं, मधे एक कुलूपवाला. मावशींचं दुकान म्हणजे एक लांबट खोली. पुढे टेबल, त्यावर चार पदरी घोंगडी आणि पांढरी चादर, चादरीवर इस्त्रीच्या टोकाचा एक तपकिरी डाग. तो डाग तीस वर्षांपूर्वी एकदाच पडला, पुन्हा कधी नाही, हे त्या प्रत्येक नव्या माणसाला सांगतात. खोलीला दोन दांड्या. पुढच्या दांडीवर मोठ्यांचे कपडे, मागच्या दांडीवर लहान मुलांचे. मुलांचे कपडे बोचक्यात चुरगळून पडलेले मावशींना खपत नाहीत. आल्या आल्या त्यांवर पाण्याचा हबका मारून त्या ते मागे टांगतात, आणि दुसऱ्या दिवशी सावकाश इस्त्री करतात.

कागदाच्या चिठ्ठ्या मावशी लावत नाहीत. कागद भिजतो, शाई कपड्याला लागते, म्हणून त्यांच्याकडे दोरे. प्रत्येक घराचा एक रंग. आमचा पिवळा. कोपऱ्यावरच्या डॉक्टरीणबाईंचा जांभळा. रंग संपल्यावर पुढच्या घरांना दोन-दोन रंगांची वेणी. ऐंशीएक घरं त्यांच्या डोक्यात आहेत, आणि आजवर एकाची चड्डी दुसऱ्याच्या घरी गेलेली नाही.

पण मावशींचं खरं भांडवल म्हणजे त्यांचं नाक. ओलसर कपड्यावर गरम इस्त्री टेकली की वाफ उठते, आणि त्या वाफेत कपड्याने जे काही लपवलेलं असतं ते सगळं वर येतं. कोणाकडे आजारपण आहे, कोणी अत्तर बदललं, कोणाचा साबण स्वस्तातला झाला, सगळं मावशींना कळतं. कळतं, पण त्या बोलत नाहीत. "बोचकं उघडायचं, तोंड नाही," हा त्यांचा धंद्याचा नियम. अपवाद फक्त एक. लहान मुलाच्या कपड्यातून सिगारेटच्या धुराचा वास आला की त्या घराच्या रंगाशेजारी एक करडा दोरा बांधतात. लहानपणी त्यांचे वडील एका खोलीत एकामागून एक सिगारेटी ओढायचे आणि त्याच खोलीत मावशींचा धाकटा भाऊ रात्रंदिवस खोकायचा. तेव्हा घरातलं, शेजारचं कोणीही चकार शब्द काढला नाही. याचा राग त्यांनी अजून गिळलेला नाही.

पहिला करडा दोरा मला मिळाला तो न्यायाने मिळाला होता, हे कबूल करतो. मी तेव्हा जेवण झालं की बाल्कनीत जाऊन, दार लावून, रेलिंगवर कोपर टेकून एक सिगारेट ओढायचो. दार लावलं म्हणजे आपण फार जबाबदार बाप आहोत असं मला वाटायचं. मग एक दिवस चिरंजिवांच्या स्वेटरला पिवळ्याशेजारी करडा दोरा आला. मी विचारायला गेलो.

"मावशी, हा कोणाचा रंग?"

"धुराचा."

"मी घरात ओढत नाही हो. बाल्कनीत ओढतो."

"आणि मग बाल्कनीतच राहतोस का?" मावशींनी इस्त्री उभी केली. "आत येऊन पोराला उचलून घेतोस ना? तुझा शर्ट, तुझे केस, तुझी दाढी सगळं घेऊनच येतोस. आणि धूर काय दाराची कडी वाजवून आत येतो?"

मी खूप उत्तरं तयार केली, पण ती सगळी घरी आल्यावर सुचली. शेवटी सोडली. चार महिने लागले. त्या चार महिन्यांत मी दोन गिऱ्हाइकांशी भांडलो, एकाला चुकीच्या नंबरचा चष्मा दिला आणि बायकोच्या शब्दांत सांगायचं तर "माणसात राहण्याच्या लायकीचा" नव्हतो. पण सुटली. मावशींनी एक दिवस नुसता पिवळा दोरा बांधून शर्ट पाठवला आणि माझी छाती फुगली.

म्हणूनच पुढच्या वर्षी, ऐन उन्हाळ्यात, चिरंजिवांच्या शाळेच्या शर्टाला पुन्हा करडा दोरा दिसला तेव्हा माझ्या पायाखालची जमीन सरकली. बायकोने तो शर्ट माझ्या नाकासमोर धरला.

"हे काय आहे?"

"दोरा."

"चष्मेवाला ना तू? रंग सांग."

मी शपथ घेतली. तिने ऐकून घेतली आणि माझे खिसे तपासले. चिरंजीव आठ वर्षांचे, ते शांतपणे म्हणाले, "बाबा, खरं सांगितलंत तर मी रागावणार नाही." हे वाक्य मीच त्याला शिकवलेलं. खोटं बोलून पकडलं जाणं मला माहीत होतं, त्याची सवय असते. पण खरं बोलून खोटं ठरणं फार वाईट. मला त्या रात्री जेवण गेलं नाही.

सकाळी तावातावाने दुकानात गेलो. मावशी कॉलर सरळ करत होत्या.

"मावशी, मी वर्षभर हात लावलेला नाही!"

"असेल," त्या म्हणाल्या. "पण वाफ खोटं बोलत नाही."

"म्हणजे मी बोलतो?"

"ते मी नाही म्हटलं. तू म्हटलंस."

काका मागे गठ्ठे सोडत होते. काका म्हणजे मावशींचे यजमान. जन्मभर एका मोठ्या इमारतीत लिफ्ट चालवून निवृत्त झालेले. अजूनही कोणी दुकानात शिरलं की ते "कितवा?" असं विचारल्यासारखी मान वर करतात. त्यांनी माझ्याकडे दयेने पाहिलं आणि तोंडात बडीशेप टाकली. "होतं रे असं," म्हणाले, "सुटता सुटत नाही." मला ती दया झोंबली.

त्याच आठवड्यात करड्या दोऱ्यांची साथच आली. आधी शाळेच्या हेडबाईंच्या भाचीला, मग खालच्या मजल्यावरच्या जुळ्यांना, मग एका अशा घरातल्या मुलीला जिथे उदबत्तीसुद्धा लावत नाहीत. नवरे चष्म्याच्या दुकानात येऊन, काच पुसून घेण्याच्या बहाण्याने, मला हळूच विचारू लागले, "तुलाही आला?" अकरावा दोरा डॉक्टरीणबाईंच्या मुलाच्या चड्डीला आला. बाई लहान मुलांच्या डॉक्टर. घरात त्या, त्यांचा मुलगा आणि एक कासव. कासव सिगारेट ओढत नसावं.

बाई चड्डी घेऊन दुकानात आल्या तेव्हा मी तिथेच होतो, भांडणाचा पुढचा अंक करत. बाई हसत होत्या, पण बोलता बोलता त्यांचं लक्ष मागे गेलं. मागे चादरींच्या ढिगावर बटण खोकत होती.

बटण म्हणजे मावशींची नात. चार वर्षांची, गोल, आणि दिवसभर एका डब्यातली बटणं ओतून त्यांची कुटुंबं लावत बसणारी. मोठं काळं बटण आजी, चपटं आजोबा. तिची आई बसवर कंडक्टर, सकाळी पोरीला इथे सोडते आणि संध्याकाळी नेते. मावशी सगळ्यांशी फटकळ बोलतात, पण बटणने हाक मारली की त्यांचा आवाज लोणी होतो. ती झोपली की दुकानात मोठ्याने बोलायची कोणाची टाप नाही.

"हिचा खोकला किती दिवसांचा?" बाईंनी विचारलं.

"कपड्यांची धूळ हो," मावशी म्हणाल्या. "झाले असतील तीन आठवडे. रात्री घरी गेल्यावर थांबतो."

"घरी थांबतो, आणि इथे येतो?"

"म्हणून तर म्हणते, धूळ."

"मावशी, धूळ तर इथे ती आली तेव्हापासून आहे. खोकला तीन आठवड्यांचा. उद्या तिला माझ्याकडे आणा. छाती ऐकते." बाई आता हसत नव्हत्या. मावशींनी इस्त्री उचलली, पण टेकवली नाही.  मी त्यांच्याशी भांडायला आलो होतो ते विसरलो.

घरी जाऊन मी विचार केला. डॉक्टरीणबाई खोटं बोलत नाहीत. मी खोटं बोलत नाही. मावशींचं नाकही खोटं बोलत नाही. मग वास येतो कुठून? रात्री मी चिरंजिवांचा शर्ट स्वतः धुतला, घरातच वाळवला, पिशवीत घालून वर गाठ मारली आणि सकाळी दुकान उघडताच मावशींच्या पुढ्यात ठेवला. काका गठ्ठे आणायला गेले होते.

"आत्ता करा. माझ्यासमोर."

मावशींनी हबका मारला, इस्त्री टेकवली. वाफ उठली. त्या वाकल्या. पुन्हा वाकल्या. "काही नाही," म्हणाल्या.

"आता हाच शर्ट नेहमीसारखा टांगा. उद्या बघू."

"माझी परीक्षा घेतोस?"

"माझं घर मोडायची वेळ आलीय मावशी. कोणाची तरी घ्यावीच लागेल."

त्यांनी मुकाट्याने शर्ट ओला करून मागच्या दांडीवर टांगला. दुसऱ्या दिवशी दुपारी तीनला मी गेलो. बटणला बाईंनी तपासलं होतं, छातीत घरघर आहे म्हणून औषध दिलं होतं आणि एकच गोष्ट निक्षून सांगितली होती: हिला कुठे धूर लागतोय ते शोधा. औषध घेऊन बटण ढिगावर झोपली होती आणि झोपेतच खोकत होती. मावशींनी शर्ट उतरवला, टेबलावर पसरला, इस्त्री टेकवली.

वाफ उठली आणि मला टेबलाच्या या बाजूलाही कळलं. सिगारेट सोडल्यापासून माझं नाकही जागं झालंय.

 मावशींनी वळून मागची भिंत पाहिली. त्या भिंतीत, दांडीच्या वर, एक पंखा आहे, आतली वाफ बाहेर मागच्या बोळात फेकणारा. उन्हाळा सुरू झाला तेव्हा काका तो दुरुस्त करायला माझ्याकडे स्क्रू-ड्रायव्हर मागायला आले होते. मी म्हटलं होतं, "काका, याने चष्मा उघडेल, पंखा नाही," आणि त्यांनी कुलूपवाल्याकडून मोठा नेला होता.

मावशींनी करड्या दोऱ्याचं रीळ उचललं, हातभर दोरा सोडला आणि पंख्यासमोर धरला. दोरा पंख्याकडे ओढला जायला हवा होता. तो आत उडाला. मागच्या दांडीवरच्या ओल्या शर्टांवरून, सरळ, ढिगावर झोपलेल्या बटणच्या दिशेने. त्याच क्षणी बाहेरच्या बोळातून काड्यापेटीचा आवाज आला आणि थोड्या वेळात पंख्यातून तो वास.

दोन वर्षांपूर्वी, बटण दुकानात राहायला लागली तेव्हा, काकांनी सिगारेट सोडली होती. म्हणजे, सोडली असं सांगितलं होतं. मावशींनी त्यांना कधीच करडा दोरा बांधला नव्हता, कारण बांधायला कपडाच हाताशी आला नव्हता. ऐंशी घरांचे कपडे इस्त्री करणाऱ्या बाईने स्वतःच्या घरातला एक रुमालही कधी इस्त्रीखाली घेतला नव्हता. वेळच नसायचा. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

मावशींनी बटणची पिशवी उघडली. तिच्यात जादाचा फ्रॉक होता, निळा, सकाळपासून पंख्याखाली पडलेला. तो त्यांनी टेबलावर पसरला. हबका मारला. इस्त्री टेकली. वाफ आली. त्यांनी डोळे मिटले.

मग फ्रॉकच्या वरच्या काजात त्यांनी करडा दोरा बांधला. नेहमीसारखीच गाठ, घट्ट, दोन फेऱ्यांची.

मागचं दार उघडून काका आत आले. शीळ घालत, एका हातात बडीशेपेची डबी. मावशींनी फ्रॉक त्यांच्या हातात दिला.

"हा कोणाचा?" काकांनी विचारलं. आणि मग त्यांना दिसलं कोणाचा ते.

ओरडाआरडा होईल म्हणून मी दाराकडे सरकलो होतो. पण मावशी हळू आवाजात म्हणाल्या, "अहो, पंखा उलटा कोणी बसवला?"

"मीच. पोरीला उकडत होतं. घामाघूम व्हायची झोपेत. म्हटलं, बोळातला गार वारा आत येईल…" काका मधेच थांबले. त्यांनी पंख्याकडे पाहिलं, मग दाराबाहेर, जिथे पंख्याच्या बरोबर खाली सावलीत एक पालथं पिंप होतं. त्यावर ते रोज बसत. "दोनच ओढायचो गं. बाहेर बसून. तिच्यापासून लांब जाऊन."

"तिच्या तोंडात सोडत होतात," मावशी म्हणाल्या आणि रडल्या. काका ढिगाशेजारी जमिनीवर बसले, फ्रॉक मांडीवर घेऊन, आणि बटण उठेपर्यंत तिथून हलले नाहीत.  बाल्कनीचं दार लावून मीही असाच लांब जात होतो.

संध्याकाळच्या आत काकांनी स्वतः स्टुलावर चढून पंखा सरळ केला. बटणसाठी पुढच्या बाजूला टेबलावरचा छोटा पंखा आला. ते पिंप मावशींनी बोळातून उचलवून दुकानासमोर ठेवलं, त्यात माती भरली आणि झाड लावलं, म्हणजे पुन्हा कोणी बूड टेकायला नको.

मग निघाली माफीची वरात. मावशी पुढे, काका मागे, काकांच्या हातात अकरा घरांचे कपडे पुन्हा धुऊन, इस्त्री करून. प्रत्येक दारात मावशी स्वतःच्या हाताने करडा दोरा कापत आणि म्हणत, "चूक माझी. धूर माझ्या घरचा होता." काका मान खाली घालून "आणि मी ओढलेला," एवढं जोडत. एकासुद्धा घरात त्यांनी हे काम दुसऱ्यावर ढकललं नाही. आमच्या दारात आल्यावर मावशींनी माझ्या बायकोला सांगितलं, "तुझा नवरा खरा आहे गं. तोंडाळ आहे, पण खरा." चिरंजिवांनी माझी रीतसर माफी मागितली आणि मी ती, थोडा भाव खाऊन, मान्य केली.

सोडणं काकांना जड गेलं. चाळीस वर्षांची सवय. हात शिवशिवायचे. मी रोज दुपारी तीनला दुकान कुलूपवाल्याच्या भरवशावर टाकून त्यांच्याजवळ जाऊन बसू लागलो, कारण तीनची वेळ वाईट, हे मला ठाऊक. हाताला चाळा म्हणून मावशींनी त्यांना सुईदोरा दिला. काका बटणं शिवू लागले. तुटलेली शिवून झाली, मग सैल झालेली, मग जी धडधाकट होती तीही, आणि सगळी गच्च आवळून. त्या दोन महिन्यांत आमच्या रस्त्यावरच्या कोणाचंही बटण तुटलं नाही, आणि बरेचसे लोक सकाळी घाईच्या वेळी शर्टाशी कुस्ती खेळत होते. कोणी तक्रार केली नाही. मधे एकदा काका घसरले. त्यांनी स्वतःच येऊन मावशींना सांगितलं. मावशींनी त्यांच्या सदऱ्याला करडा दोरा बांधला आणि तो सदरा त्यांना आठवडाभर घालायला लावला.

बटणचा खोकला महिन्याभरात गेला. सुट्टी संपली आणि तिला शाळेत घातलं. पहिल्या दिवशी सकाळी मी दुकानाचं शटर वर करत होतो तेवढ्यात मावशींची हाक आली. "अरे, इकडे ये. काम आहे."

टेबलावर शाळेचा कोरा फ्रॉक पसरला होता. आदल्या दुपारपासून मागच्या दांडीवर टांगलेला. बटण स्टुलावर उभी, केस विंचरलेले, दप्तर आत्तापासूनच पाठीवर. काका भिंतीला टेकून उभे.

"तू वास घे," मावशी म्हणाल्या.

"मी? मावशी, तुम्ही असताना?"

"घरच्या वासाला घरचं नाक चालत नाही. मला माझंच कळलं नव्हतं. तू घे."

त्यांनी हबका मारला, इस्त्री टेकवली. वाफ उठली. मी वाकलो. गरम सुताचा वास होता, साबणाचा होता, नव्या कापडाच्या खळीचा होता. मी पुन्हा वाकलो, सावकाश, कारण हा घाईचा प्रसंग नव्हता. मागे काकांचा श्वासही ऐकू येत नव्हता. ते पाण्यात बुडी मारल्यासारखे थांबले होते.

"काही नाही," मी म्हटलं. "नुसता फ्रॉक आहे."

काकांनी श्वास सोडला. मग म्हणाले, "परत एकदा बघ."

मी परत एकदा बघितलं.